आधी नाव, मग भाव

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘शेतकरी ते ग्राहक : थेट नातं’ असा विषय मला देण्यात आला, तेव्हा मला जरा हसूच आलं. या विषयावर बोलणारा माणूस बहुधा शेतकरी असतो, नाहीतर ग्राहक. मी त्या दोघांच्या मधला. जन्मानं बागवान. सोलापुरात बागवान म्हणजे फळं आणि भाजीपाला विकणारा मुसलमान, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझे आजोबा, अब्बा, दोन्ही चुलते, सगळे याच धंद्यातले. मी बी.ए. झालो, कवितेच्या नादाला लागलो आणि एका वाचनालयात नोकरी धरली, म्हणून माझ्या हातातला तराजू सुटला. पण एखाद्या सभेत ‘मधले दलाल हटवा’ असं कुणी म्हणालं, की माझी नजर अजून त्या गर्दीत अब्बांना शोधते. शेतकऱ्याला लुटणारा आणि ग्राहकाला नागवणारा जो कुणी मधला माणूस सांगतात, तो पहाटे चारला उठून भाकरी बांधून बाहेर पडणारा माझा बाप होता का? थोडासा होता. तेही मी आज सांगणार आहे.

लक्ष्मी मंडईत अब्बांची बसायची जागा होती. चार-पाच फुटांचा ओटा, त्यावर भिजवलेलं गोणपाट, लोखंडी काटा आणि मागं पाण्याची बादली. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर असे. माल घ्यायला आम्ही पहाटे बाजारात जायचो. अब्बा एखाद्या पाटीसमोर थांबत, वरची चार वांगी बाजूला सारून तळातलं एक काढत, देठावरून अंगठा फिरवत आणि विचारत, ‘कुणाचं?’ भावाचं बोलणं त्यानंतर. एकदा त्यांनी मला पुढं केलं. मी सरळ भाव विचारला. मागून डोक्यात टपली बसली. ‘पैले नाम पूछ, बाद में भाव.’

नाव कळलं की अब्बांना बाकीचं कळत असे. गावावरून जमीन काळी की माळाची ते कळायचं, पाणी विहिरीचं की नाल्याचं ते कळायचं. माणसावरून पाटीच्या तळाशी काय भरलेलं असेल ते कळायचं. आणि हे नाव ते स्वतःपाशी ठेवत नसत, पुढं गिऱ्हाइकालाही देत. ‘बाई, ही भेंडी मुळेगावची, आज पहाटे तोडलेली. ती शेजारची कालची आहे, घ्यायची तर दोन पैसे कमी द्या.’ गिऱ्हाईकही त्याच तयारीचं असे. उत्तर कसब्यातल्या एक आजी होत्या. त्या यायच्या आणि म्हणायच्या, ‘त्या कुमठ्याच्या म्हाताऱ्याची वांगी आली की माझ्यासाठी शेरभर बाजूला काढ रे.’ शेर जाऊन किलो आला त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती, पण आजींच्या तोंडचा शेर काही गेला नव्हता. त्या म्हाताऱ्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यालाही आजी ठाऊक नव्हत्या, पण आपली वांगी उत्तर कसब्यात कुणाला तरी हवी असतात हे अब्बांनी त्याला सांगितलेलं होतं, आणि त्याचं त्याला अप्रूप होतं. मध्ये एक माणूस असूनही हे नातं मला कधी तुटलेलं वाटलं नाही.

आता दुसरी बाजू.

तात्या आमच्या अब्बांचे जुने शेतकरी. जुने मित्र असं म्हणणार होतो, पण त्या काळात धंद्यातल्या माणसाला मित्र म्हणत नसत. त्यांचं रान दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेच्या काठाला. (हीच सीना पुढं कुडल संगमावर भीमेला मिळते. तिथं शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे. मराठीत चार ओळी लिहिणाऱ्या माणसाला तिथं पायातली वहाण काढावीशी वाटते. असो.) तात्या दरवर्षी न चुकता एक प्रश्न विचारत. ‘भाई, औंदा रोजं कधी हायती?’ इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं, त्यात अधिक महिना नसतो, त्यामुळं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दिवसभराचा रोजा सोडताना फळं लागतात, त्यातही उन्हाळा असला की कलिंगड. तात्यांनी हा हिशेब पक्का करून ठेवलेला होता. रोजे कधी ते कळलं की सत्तर-पंचाहत्तर दिवस मागं मोजायचे आणि बी टोकायचं. माझ्या ओळखीत ईदच्या चंद्राकडे मौलवींच्या इतक्याच काळजीनं बघणारा दुसरा माणूस म्हणजे हे तुळशीमाळ घातलेले तात्या.

१९८५ साली रमजान मे महिन्याच्या उत्तरार्धात लागला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. हिशेब एकट्या तात्यांनी केला नव्हता, त्या वर्षी साऱ्या टापूनं कलिंगडं लावली होती. बाजारात ढिगाला ढीग. तात्यांची गाडी आडतीवर लागली. आडत्यानं आपला हात पुढं केला, अब्बांनी आपला. वरून रुमाल पडला. आजच्या तरुण श्रोत्यांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो, रुमालाखाली बोटांनी बोटं दाबून भाव ठरत असे. किती बोटं धरली आणि कुठल्या पेरावर दाब दिला, ते त्या दोघांनाच कळे. तात्या दोन हातांवर उभे होते. माल त्यांचा, आणि भाव ठाऊक नसलेले तेवढे एकटे तेच. नंतर त्यांच्या हाती पट्टी आली. आडत, हमाली, तोलाई, कडता, सगळं वजा होऊन उरलेला आकडा त्यांनी वाचला, पट्टीची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि अब्बांकडे एकवार बघून ते रिकाम्या गाडीत जाऊन बसले.

त्या संध्याकाळी रोजा सोडताना अब्बांनी कलिंगडाची फोड उचलली आणि परत ताटात ठेवली. रुमालाखाली त्यांनी किती पाडून मागितलं होतं ते रात्री त्यांनी मला सांगितलं. तो आकडा मी कधी कुणाला सांगितला नाही, आजही सांगत नाही.

आमच्या सोलापूर, धाराशिव, लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते, म्हणजे वेळ अमावास्या. शहरं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तिच्यात पाच पांडव मांडतात, पूजा होते आणि मग जेवण. भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगांची पोळी, माठातली आंबील. इथली भज्जी म्हणजे तळणीतली भजी नव्हेत, बरं का! तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि रानातल्या पालेभाज्या चिंच-बेसनात शिजवून केलेला तो घट्ट प्रकार असतो. या दिवशी शेतकरी गावातल्या माणसांना आग्रहानं रानात बोलावतो. ज्याच्या घरी रान नाही त्यालाही एका दिवसापुरतं रान मिळतं. ग्राहकाला शेतावर नेण्याच्या योजना अलीकडे निघाल्या आहेत, त्या आमच्याकडं अमावास्येच्या नावानं फार आधीपासून चालू आहेत. तात्यांचं आमंत्रण आम्हाला दरवर्षी असे. १९८५च्या त्या मोसमात ते येणार नाही अशी आमची खात्री होती. आलं. घोंगडीवर पहिलं पान अब्बांना वाढलं गेलं. कलिंगडाविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. काकू तेवढ्या दोनदा म्हणाल्या, ‘भाऊजी, आंबील घ्या की अजून.’ परतताना एस.टी.त अब्बा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘गाली देता तो अच्छा होता.’

त्यानंतर तात्यांचा माल त्यांनी रुमालाखाली घेतला नाही. भाव तोंडानं, मोठ्यानं सांगत. कमीच सांगत कधीकधी, पण तात्यांना ऐकू जाईल असा.

हा रुमाल घालवायला कायदे झाले. वऱ्हाडात कापसाच्या बाजारासाठी १८९७ साली कायदा झाला होता. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३चा. उघडा लिलाव, खरं वजन, शेतकऱ्याला वेळेवर पैसे, हा त्यामागचा हेतू. हेतू वाईट नव्हता, पण कायद्यानं बांधलेल्या भिंतीआडसुद्धा माणसं रुमाल अंथरतात. पुढं त्याच भिंती शेतकऱ्याला कोंडू लागल्या, म्हणून २०१६ साली राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्यानंतर सात वर्षांनी, २०२३च्या फेब्रुवारीत, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं दहा पोती, ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. भाव मिळाला किलोला १ रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन उरले २ रुपये ४९ पैसे आणि त्यांच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. वर्तमानपत्रांत त्या चेकचं छायाचित्र आलं होतं. मला तात्यांची घडी घातलेली पट्टी आठवली.

रिझर्व्ह बँकेनं २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा काढला आहे. टोमॅटोला १०० रुपये मोजले तर शेतकऱ्याला साधारण ३३, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. हे आकडे वाचून माणूस चिडतो आणि चिडावंच. पण बागवानाचा मुलगा म्हणून मला एक विचारू द्या, उरलेले ६३-६७ रुपये कुठं जातात ते आपण कधी मांडून पाहिलं आहे का? त्यात आडत आहे, नफा आहे, लबाडीही आहे. त्याचबरोबर गाडीचं डिझेल आहे, हमालाची पाठ आहे, तीन हातांत दबून सडलेला माल आहे, गाळ्याचं भाडं आणि उधारीचं व्याज आहे. अब्बा रात्री घरी येत तेव्हा न खपलेली मेथी बरोबर आणत. आमच्या घरात आठवड्यातून चार दिवस मेथी असे, ती आवडीनं खाल्ली जात होती असा कुणाचा समज होऊ नये.

मधली साखळी तोडायचे प्रयत्न आपल्या देशात बरेच झाले. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ निघाली, आंध्रात १९९९मध्ये ‘रयतु बाजार’ आणि त्याच वर्षी तमिळनाडूत ‘उळवर संदै’. आपल्याकडं पणन मंडळानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले आणि त्या अभियानाला आमच्याच जिल्ह्यातल्या अरणच्या संत सावता माळी यांचं नाव दिलं. मळ्यातच देव पाहिलेल्या माणसाचं नाव भाजीबाजाराला देणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद दिली. या बाजारांत जावं, जरूर जावं.

शहरातल्या माणसाचं शेतकऱ्याशी थेट नातं पूर्वी एका गोष्टीत हमखास असे, ती म्हणजे सालाची ज्वारी. सुगी झाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी एकदम घ्यायची, उन्हं दाखवायची आणि कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवायची. आमच्या घरी ती तात्यांकडून येई. मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडून काढलेलं हे आमच्या मातीतलं वाण. पुढं मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. वर्षाची ज्वारी घेणारा माणूस पावसाची बातमी शेतकऱ्याइतक्याच काळजीनं ऐकतो. परतीचा पाऊस लांबला, पेरणी चुकली, थंडी पडली नाही, दाणा भरला नाही, हे सगळं त्याच्या ताटापर्यंत येणार असतं. मग किलो-किलोच्या पिशव्या आल्या, गव्हाचं पीठ आलं, आणि दुकानात सगळं बारा महिने मिळतं म्हटल्यावर पावसाशी आपला संबंध छत्रीपुरता उरला.

अब्बा २००४ साली गेले. तात्यांचं शेत त्यांच्या धाकट्या मुलाकडं आलं. तो मला ‘भाई’ म्हणतो. २०२०च्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. रमजान २५ एप्रिलला लागणार म्हणून त्यानं बापाच्या रीतीनं मागं दिवस मोजून फेब्रुवारीत दोन एकर कलिंगड लावलं होतं. आता फळ तयार, आणि टाळेबंदीनं बाजार बंद, लग्नं बंद, मशिदीतली इफ्तार बंद. माझ्या पुतण्याकडं छोटा हत्ती टेम्पो होता, तोही दारात उभा होता. पास मिळवण्यात चार दिवस गेले. मग मी वाचनालयाच्या सभासदांची वही काढली आणि फोन करत सुटलो. पाच-सहा वसाहतींतून मागणी आली. किलोला ९ रुपये, घरपोच.

एका वसाहतीतल्या गृहस्थांनी मला फोनवर विचारलं, ‘माल थेट शेतकऱ्याचाच आहे ना? मग गाडीवर कोण असतं? नाव काय त्याचं?’

त्या एप्रिलमध्ये हा प्रश्न देशात अनेक ठिकाणी विचारला जात होता, आणि त्याचा अर्थ विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखाच कळत होता. अब्बाही आधी नावच विचारायचे. तीच रीत, पण त्या दिवशी फोन हातात धरून मला आपल्या पुतण्याचं नाव उच्चारता येईना. पन्नाशीच्या उंबऱ्यावरचा मी माणूस, मराठीत कविता लिहितो, मराठीतच बोलत होतो. मी त्यांना तात्यांच्या धाकट्याचा नंबर दिला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं सांगितलं, ‘भाई, मी म्हणलं, गाडीवर माझा भाऊ असतो. कलिंगड गोड निघालं न्हाई तर पैसे परत. आनि काय इचारायचंय?’ त्या गृहस्थांनी चार कलिंगडं घेतली. पुतण्यानंच ती दारात नेऊन ठेवली. गोड निघाली असावीत, पैसे कुणी परत मागितले नाहीत.

एवढं करूनही माल किती खपला? टेम्पोत एका खेपेला सातशे किलो बसतात. सोळा-सतरा खेपा झाल्या, म्हणजे बारा टनांच्या आत-बाहेर. रानात तीसच्या वर होतं. शेत पिकतं एकदम आणि माणसं खातात रोज थोडं थोडं. वसाहती कितीही चांगल्या असल्या तरी त्यांनी एका आठवड्यात वीस टन कलिंगड खावं कसं? शेवटी अब्बांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला गाठलं. त्याच्याकडं मालमोटार होती, हैदराबादेत ओळख होती, आणि दोन दिवसांत माल हलवायची धमक होती. त्यानं किलोला ३ रुपये दिले. पाडून घेतलं यात शंका नाही. तो नसता तर उरलेला माल रानात फुटला असता, यातही नाही. थेट विक्रीवर व्याख्यान देणाऱ्यांनी हे वीस टन कुठं ठेवायचे ते मला सांगावं, मी त्यांचा शिष्य होईन.

टाळेबंदी उठली, पण शनिवारची भाजीची गाडी चालू राहिली. सुरुवातीला शंभरावर घरं होती, हळूहळू चाळीस राहिली. दर तीन महिन्यांसाठी आधीच ठरवायचा, बाजार चढो की उतरो, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. टोमॅटो ३० रुपये. २०२३च्या जुलैत टोमॅटो बाजारात शंभराच्या, दीडशेच्या वर गेले, तेव्हा धाकट्यानं आमच्या चाळीस घरांना ३० रुपयांनीच दिले. त्याचा शेजारी त्याला येड्यात काढत होता. आमच्या यादीत मात्र एका महिन्यात चाळिसाची ऐंशी घरं झाली. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणत, ‘सर, फार चांगलं काम करताय.’ सप्टेंबरात भाव कोसळला. हातगाडीवर टोमॅटो १० रुपये, आमच्या गाडीवर ठरलेले ३०. पहिल्या शनिवारी तीस घरं आली, दुसऱ्या शनिवारी अकरा.

त्या दुसऱ्या शनिवारी मी टेम्पोपाशी उभा होतो, हातात वही. तात्यांची सून त्या दिवशी गाडीबरोबर आली होती. पाणी प्यायला म्हणून ती घरात आली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हातगाडीवरच्या टोमॅटोची पिशवी होती. ती बायकोनं आणलेली नव्हती, मी आणली होती. आदल्या संध्याकाळी वाचनालयातून येताना, दोन किलो, वीस रुपये. तिनं पिशवीकडं पाहिलं, पाणी प्यायली, ‘येते भाऊजी’ म्हणाली. बाहेर येऊन तिनं आमची भाजी मोजली आणि नेहमीसारखी वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. त्या जुडीचे पैसे ती आमच्याकडून कधीच घेत नाही.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर ही गोष्ट सांगितली. कशाला सांगितली म्हणून बायको रागावली. पण त्यानंतर आम्ही बसून नीट हिशेब मांडला. आता दर शनिवारी गाडीवर मी हातानं लिहिलेली एक पट्टी लावतो. घरातून आलेल्या १०० रुपयांत शेतकऱ्याला ७२, डिझेल आणि गाडीला १२, पुतण्याच्या मजुरीला ११ आणि नासाडीला ५. मधला माणूस आम्ही काढलेला नाही. त्याला किती जातं ते उघड्यावर लिहिलं आहे. पुतण्याला आधी संकोच वाटत होता. आता एखाद्यानं ११ रुपयांवरून कुरकूर केली, तर तो त्याला पहाटे साडेचारला रानात माल भरायला यायचं आमंत्रण देतो. अजून कुणी गेलेलं नाही.

घरं आज तेहतीस आहेत. सगळंच छान चाललं आहे असं समजू नका. श्रावण-भाद्रपदात सलग पाच आठवडे दोडका आला, तेव्हा दोन घरांनी वैतागून नाव काढलं, आणि मलाही त्यांचं चुकलं असं वाटलं नाही. फुलकोबी बारा महिने मिळायची सवय जिभेला लागली आहे, ती तोडायला वेळ लागतो. उलट पावसाळ्यात तात्यांची सून चिघळ, पाथरी, तांदुळजा पाठवते. त्या कशा करायच्या हे नव्या मुलींना ठाऊक नसतं, म्हणून ती प्रत्येक जुडीबरोबर दोन ओळींची चिठ्ठी देते. ‘लसूण जास्त घाला. शिजवू नका लई.’ माझ्या कवितांना आजवर आली नाहीत इतकी पत्रं या चिठ्ठ्यांना उत्तर म्हणून आली आहेत.

तात्या आता ऐंशीच्या पुढं आहेत. रानात जाणं होत नाही, कान कमी झालेत, पण फोनवर बोलतात, म्हणजे ओरडतात. परवा त्यांचा फोन आला. प्रश्न तोच, ‘पुढल्या साली रोजं कधी रं?’ मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून दहा-अकरा दिवस अलीकडे मोजून सांगितलं. मग गंमत म्हणून म्हणालो, ‘तात्या, २०३० साली रमजान एका वर्षात दोनदा लागणार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी परत एकदा.’

पलीकडं बराच वेळ शांतता. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

‘थंडीत कलिंगड गोडीला येत न्हाई,’ तात्या म्हणाले. ‘पपई लावायला सांगतो पोराला.’